हिरवा दिवा, रखडलेली फाइल

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे निरोप पोहोचून त्याची पोच परत यायला निदान १२५ मिलिसेकंद हवेत. समुद्रातल्या केबल वळसे घेत जातात, वाटेत राउटर लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात २०० मिलिसेकंद सहज होतात. नेटवर्कवर मजकूर पोहोचवणाऱ्या 'टीसीपी' या पद्धतीच्या १९८१ सालच्या नियमांनुसार पोच येईपर्यंत ६५,५३५ बाइटच पाठवता येत. भागाकार केला की सेकंदाला जेमतेम २६ लाख बिट निघतात, मग लाइन १०० एमबीपीएसची का असेना! ही मर्यादा वाढवण्याची सोय पुढे १९९२ साली झाली. अंतर मात्र तेवढंच राहिलं.

या अंतरावरचा उतारा म्हणजे 'वॅन ऑप्टिमायझर'. दोन्ही कार्यालयांत एकेक पेटी बसते. एकदा गेलेला मजकूर दोन्ही पेट्या साठवून ठेवतात. तोच पुन्हा पाठवायची वेळ आली, तर मजकुराऐवजी छोटीशी खूण जाते. शिवाय पेटी जवळच्या संगणकाला स्वतःच पोच देते, त्यामुळे तो खोळंबत नाही.

पेटीची ही सगळी हुशारी तिच्या दोन पोर्टवर अवलंबून असते. राउटर आणि कार्यालयातला स्विच यांच्यामध्ये ती बसते: 'वॅन' पोर्ट राउटरकडे, 'लॅन' पोर्ट स्विचकडे. प्रत्येक पोर्टचा वेग आणि डुप्लेक्स ठरावे लागतात: एकतर आपण पक्के करायचे, नाहीतर 'ऑटो'वर सोडायचे, म्हणजे केबलची दोन टोकं आपसात वाटाघाटी करून ते ठरवतात. फुल डुप्लेक्स म्हणजे टेलिफोन, दोघांनी एकदम बोललं तरी चालतं. हाफ डुप्लेक्स म्हणजे वॉकीटॉकी, एकाचं संपल्यावर दुसऱ्यानं बोलायचं.

केबलच्या एका टोकाला '१०० एमबीपीएस, फुल' असं पक्कं केलं आणि दुसरं टोक 'ऑटो'वर राहिलं, की घोळ होतो. पक्कं केलेलं टोक सहसा वाटाघाटीत भाग घेत नाही. ऑटोवाल्याला सिग्नलवरून वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही. मग नियमाप्रमाणे तो हाफ धरून चालतो. एक टेलिफोनवर, दुसरा वॉकीटॉकीवर! हाफवाला टक्कर झाली म्हणून बोलणं मध्येच तोडतो आणि फुलवाल्याच्या हाती अर्धवट फ्रेम येते, ती तो फेकून देतो. पोर्टचा दिवा मात्र हिरवाच असतो. जोडणी तपासणारं 'पिंग'ही बहुधा नीट चालतं, कारण त्याची पाकिटं लहान आणि एकेक करून जाणारी. मोठी फाइल मात्र रखडते. पाकिटं हरवताहेत म्हणजे वाटेत गर्दी आहे, असं समजून टीसीपी आणखी सावकाश चालतो.

खरी गंमत पुढे आहे. पेटीची वीज गेली तर कार्यालय बंद पडू नये म्हणून पोर्टमागे रिले असतो. वीज जाताच 'टक' असा आवाज होतो आणि राउटर व स्विच थेट जोडले जातात. पेटी नुसती तार बनते. आता समजा, राउटर पक्क्या १०० फुलवर आहे आणि स्विच ऑटोवर. कुणीतरी काळजीपूर्वक पेटीचा वॅन पोर्ट राउटरसारखा आणि लॅन पोर्ट स्विचसारखा ठेवला. पेटी चालू असेपर्यंत तक्रारीला जागा नाही. ती बंद पडली की कधीच एकमेकांशी न बोललेले दोन शेजारी समोरासमोर येतात आणि डुप्लेक्सचा गोंधळ नेमका अडचणीच्या वेळी उभा राहतो.

म्हणून राउटर, पेटीचे दोन्ही पोर्ट आणि स्विच या चारही ठिकाणी एकच पद्धत हवी: सगळीकडे ऑटो, नाहीतर सगळीकडे तोच पक्का वेग आणि डुप्लेक्स. तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटला ऑटो अनिवार्यच आहे, त्यामुळे तिथे प्रश्न मिटतो. आणि पेटी बसवून झाली की घाईनं घरी जाऊ नका. तिची वीज काढा, एक मोठी फाइल पाठवून पाहा, मगच पुन्हा चालू करा.