पत्रिका सर्वांना वाचता यावी म्हणून

गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका आम्ही सर्व सभासदांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सभासदांचा फोन आला. काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी गेली आहे, तरी मोबाइल ते स्वतः वापरतात. म्हणाले, "पत्रिका आली, पण माझा फोन नुसतं 'फोटो' म्हणतो. आरती किती वाजता आहे?"

चूक आमची होती. ती पुन्हा होऊ नये म्हणून ही माहिती.

दृष्टिहीन व्यक्ती 'स्क्रीन रीडर' या प्रोग्रॅमच्या मदतीने संगणक वापरतात. तो पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतो. माउस लागत नाही, सगळे काम कीबोर्डवर होते. विंडोजसाठी 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली त्याचे काम सुरू केले, पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध ऑस्ट्रेलियन तरुणही त्यात सामील झाला. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आधीपासूनच असते. पडद्यावर बोट उजवीकडे सरकवले की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते.

दोन्हींत मराठी आवाज निवडता येतो. इंदूरला आपल्या अनेक घरांत फोन हिंदीवर असतो. हिंदी आवाज मराठी मजकूर हिंदी वळणाने वाचतो आणि ऐकणाऱ्याची ओढाताण होते. म्हणून सेटिंगमध्ये मराठी आवाज जरूर लावून द्यावा.

मात्र यंत्राला वाचायला मजकूर मिळाला पाहिजे. चित्रातली अक्षरे त्याला सहसा नीट वाचता येत नाहीत. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टचीही तीच अडचण. आपल्याला दिसते मराठी, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक असतात, त्यामुळे वाचन बरोबर होते.

यापुढे प्रत्येक निमंत्रणासोबत तोच मजकूर आम्ही टाइप करूनही पाठवू. सभासदांनीही आपले लेख युनिकोडमध्येच पाठवावेत. घरात कोणाची दृष्टी कमी झाली असेल, तर तरुणांनी त्यांच्याजवळ बसून टॉकबॅक शिकवावे. सुरुवातीला गोंधळ उडतो, सरावाने हात बसतो.

आरतीची वेळ काकांना आम्ही फोनवर सांगितली. पुढच्या वेळी त्यांना विचारावे लागू नये, एवढीच इच्छा.