बिल्ला खरा की खोटा?

जालन्याहून मंठ्याकडे निघाले की वाटेत वाटूरचा फाटा लागतो. काही वर्षांपूर्वी त्या वाटूरला मी एका ओळखीच्या घरी उतरलो होतो. मला जुन्या लष्करी बिल्ल्यांचा नाद आहे हे कळताच घरातल्या सत्तरीच्या आजी देवघरातून एक पुरचुंडी घेऊन आल्या. आत पितळी बिल्ला होता. रणशिंग आणि वर मुकुट.

"माझ्या बापाचा हाय. मराठा पलटणीत होता. इटलीत लढला."

मी बिल्ला उलटा केला. पाठ सपाट, कडा ओबडधोबड, अंगावर बारीक खड्डे. ज्ञानाचा ताठा असा, की मी तिथल्या तिथे सांगून टाकले, "आजी, हा नकली आहे. ओतीव आहे."

आजींनी मुकाट्याने पुरचुंडी बांधली. चहा आला, पण पहिल्यासारखे बोलणे काही झाले नाही.

मी तसे का म्हणालो, ते सांगतो. कारखान्यातला बिल्ला बहुधा पत्र्यावर पोलादी ठसा दाबून उठवतात. त्यामुळे रेषा धारदार येतात, आणि समोर जो उंचवटा तोच मागे खळगा होऊन दिसतो. नक्कल करणारा खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेतो व त्यात रस ओततो. मग रेषा बोथट होतात, अंगावर खड्डे राहतात. आणि धातू निवताना आकसतो, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते.

हे सारे खरे; पण अर्धेच! उरलेले अर्धे मला मागाहून एका जाणत्याने शिकवले. इंग्रजी अमदानीत सगळेच बिल्ले विलायतेहून येत नसत. आपल्या बाजारांतले कारागीरही ते वाळूच्या साच्यात ओतून देत, आणि शिपाई तेच लावून लढाईवर जात. म्हणजे ओतीव तेवढे खोटे, हा माझा निकालच खोटा.

मग पाहावे काय? पहिली गोष्ट झीज. शिपाई बिल्ला रोज घासी. तेव्हा उंच भाग गुळगुळीत होतात आणि खाचांत मळ बसतो. तेजाब लावून 'जुना' केलेला माल मात्र उंच-सखल सगळीकडे सारखाच काळा दिसतो.

दुसरी गोष्ट मुकुट. १९०१ ते १९५२ या राजांच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी गोल आहेत. पुढे राणीच्या मुकुटाच्या कमानी मध्ये दबलेल्या. महायुद्धातला म्हणून कोणी दबलेल्या कमानीचा बिल्ला दाखवील, तर त्याला रामराम करावा. १९५० साली आपले प्रजासत्ताक झाले आणि आपल्या सैन्याच्या चिन्हांतून मुकुट गेला. ठिकठिकाणी अशोकाचे सिंह आले.

तिसरी गोष्ट बिल्ल्याबरोबर सांगितली जाणारी कहाणी. आपल्या मराठवाड्यात 'हैदराबाद' ही अक्षरे दिसली की विकणारा खुशाल 'निजामाच्या फौजेचा' म्हणून सांगतो. पण १९वी हैदराबाद रेजिमेंट ही इंग्रजांच्या हिंदी सैन्यातली. १९४५ साली तिचेच नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. निजामाची फौज निराळी. १९४८ च्या पोलीस कारवाईत तिने शस्त्रे खाली ठेवली.

एवढे शिकून मी मुद्दाम पुन्हा वाटूरला गेलो. आजींची क्षमा मागितली आणि बिल्ला नीट पाहिला. मुकुटाच्या कमानी गोल होत्या. शिंगाची उंच बाजू झिजून गुळगुळीत झाली होती. "आणखी काही ठेवले आहे का?" असे विचारताच ट्रंकेतून एक पदक निघाले. महायुद्धात इंग्रज शिपायांना पदके बिननावाची मिळाली. हिंदी शिपायांच्या पदकांवर मात्र नाव घालण्याची रीत होती. मी भिंग लावून कड वाचली. नंबर, हुद्दा, नाव, पलटण.

नाव मोठ्याने वाचले तेव्हा आजींनी पदर डोळ्याला लावला. इतकी वर्षे ती इंग्रजी अक्षरे त्या घरात कोणी वाचलीच नव्हती. त्यावरून बिल्लाही त्यांच्याच टोपीवरचा, असे शपथेवर सांगता येणार नाही. पण त्याला नकली म्हणण्याचे तोंड मला आता उरले नव्हते.

वाचकहो, दिवाळीत घरोघर पितळ घासायला निघते. आजोबांचा बिल्ला सापडला तर एवढे करा, त्याला चिंच लावू नका. त्याची झीज आणि मळ हीच त्याची साक्ष आहे. ट्रंकेतले कागद आणि पदके त्याच्याजवळच ठेवा. आणि कोणी पाहुणा घाईघाईने 'नकली' म्हणाला, तर त्याला आधी चहा द्या आणि मग पदकाची कड वाचायला सांगा.