अंथरूण पाहून पाय : व्हिडिओ तबकडी आणि संगणकाची कुवत

पुष्कळ महाविद्यालयांच्या कपाटांतून जुन्या स्नेहसंमेलनांच्या, नाटकांच्या आणि व्याख्यानांच्या व्हीएचएस फिती अजूनही पडून आहेत. दमट हवेत फितीला बुरशी लागते, आणि ती चालविणारी यंत्रेही आता दुर्मिळ होत चालली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. तेव्हा या फितींवरील कार्यक्रम वेळीच डीव्हीडीवर उतरवून ठेवावेत, असे एखाद्या उत्साही विद्यार्थ्याच्या मनात येते, आणि लगेच प्रश्न उभा राहतो : त्यासाठी संगणक केवढा लागेल? दुकानात विचारले तर बहुधा सर्वांत महागड्या यंत्राकडे बोट दाखविले जाते. परंतु थोडे त्रैराशिक मांडले, तर पैसे कोठे घालावेत आणि कोठे वाचवावेत हे आपले आपल्यालाच कळते. ते त्रैराशिक मांडणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऑथरिंग म्हणजे काय?

फितीवरील चित्र जसेच्या तसे तबकडीवर जात नाही. प्रथम ते एमपेग-२ या पद्धतीने संक्षिप्त करावे लागते. मग चित्र आणि ध्वनी यांचे प्रवाह एकत्र गुंफावे लागतात, प्रकरणे पाडावी लागतात, प्रेक्षकाला हवा तो भाग निवडता यावा म्हणून पडद्यावर अनुक्रमणिका मांडावी लागते, आणि शेवटी हे सारे ठरावीक रचनेच्या फोल्डरात भरून तबकडीवर लिहावे लागते. या सगळ्या खटाटोपाला ऑथरिंग म्हणतात. यांतील प्रत्येक काम संगणकाच्या निराळ्या अवयवावर भार टाकते. म्हणून एकेका अवयवाचा विचार स्वतंत्रपणे करणे इष्ट.

प्रथम मूळ हिशेब पाहू. आपल्याकडील पाल पद्धतीत डीव्हीडीचे एक पूर्ण चित्र आडवे ७२० व उभे ५७६ ठिपक्यांचे, म्हणजे एकंदर ४,१४,७२० ठिपक्यांचे असते. दर ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर एका सेकंदाचे सुमारे ३.१ कोटी बाइट होतात. तासाचे होतात सुमारे ११२ गिगाबाइट. नेहमीच्या एकथरी तबकडीत मावतात अवघे ४.७ गिगाबाइट. दोन तासांचे नाटक तीत बसवावयाचे, तर २२४ गिगाबाइटांचे ओझे जवळजवळ अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्यावर आणावे लागते. संगणकाचा खरा घाम निघतो तो येथे.

प्रोसेसर

रंगमंचावर पडदा आणि नेपथ्य जागच्या जागी असते; नट तेवढा हलतो. म्हणून एमपेग-२ दर वेळी पूर्ण चित्र न साठविता, आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले एवढेच पुष्कळदा नोंदवून ठेवते. त्यासाठी चित्राचे १६ × १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. असे चौकोन एका चित्रात १,६२० आणि सेकंदाला ४०,५०० होतात. हा चौकोन मागील चित्रात कोठे होता, याचा शोध सर्व दिशांना १५ ठिपक्यांपर्यंत घ्यावयाचा म्हटले, तर दर चौकोनासाठी ९६१ जागा तपासाव्या लागतात, आणि दर जागी २५६ ठिपक्यांची तुलना करावी लागते. गुणाकार केल्यास, एका सेकंदाच्या चित्रासाठी सुमारे ९९६ कोटी तुलना होतात! प्रत्यक्षातील प्रोग्रॅम युक्तीने यांतील पुष्कळ तुलना टाळतात. तरीही काम अवाढव्यच राहते.

म्हणूनच प्रोसेसर बनविणाऱ्यांनी या कामासाठी खास सोयी केल्या. इंटेलने १९९७ मध्ये एमएमएक्स आज्ञा आणल्या, त्यांमुळे आठ ठिपक्यांवर एकाच वेळी क्रिया करता येऊ लागली. आणि १९९९ च्या पेंटियम ३ मध्ये तर ठिपक्यांतील फरकांची बेरीज करणारी आज्ञाच आली. २००१ मध्ये ॲपलने आयडीव्हीडी हा प्रोग्रॅम आणला, तेव्हा कार्यक्रमाच्या लांबीच्या दुप्पट वेळेत संक्षेपाचे काम होते, ही त्याची मोठी बढाई होती. आजचा साधा संगणकही तेच काम कार्यक्रमाच्या लांबीपेक्षा कमी वेळात उरकतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तोच प्रोग्रॅम आणि त्याच मांडण्या असतील, तर संथ प्रोसेसरने चित्र बिघडत नाही. फक्त वेळ अधिक लागतो. रात्री काम लावून झोपी जाणाऱ्यास जुना संगणकही पुरतो. अपवाद एकच : फीत चालू असतानाच तत्क्षणी एमपेग-२ करावयाचे असेल, तर मागे पडणारा प्रोसेसर चित्रे गाळतो, आणि गाळलेली चित्रे परत मिळत नाहीत.

रॅम आणि हार्ड डिस्क

रॅमविषयी मात्र अवास्तव समजूत आहे. पाल डीव्हीडीत चित्रांचा एक गट जास्तीत जास्त १५ चित्रांचा असतो; तो पूर्ण उलगडला तरी सुमारे १९ मेगाबाइट होतो. कार्यप्रणाली आणि प्रोग्रॅम सुखाने राहतील एवढी रॅम झाली, की पुढची रॅम या कामाचा वेग फारसा वाढवीत नाही.

हार्ड डिस्क मात्र मोकळी हवी. डीव्ही पद्धतीने संगणकात घेतलेला कार्यक्रम तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा खातो. दोन तासांच्या नाटकाचे २६, संक्षिप्त केलेल्या प्रतीचे साडेचार, तबकडीच्या फोल्डराचे आणखी साडेचार, आणि तिची अखंड प्रत ठेवल्यास पुन्हा तेवढेच. म्हणजे ४० गिगाबाइट मोकळी जागा हाताशी असलेली बरी. शिवाय डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल, तर त्यावर ४ गिगाबाइटांहून मोठी फाइल राहतच नाही. डीव्ही चित्रण अशा डिस्कवर वीस मिनिटांच्या आतच अडते. हा दोष डिस्कच्या आकाराचा नसून तिच्या मांडणीचा असतो.

लेखनयंत्र

डीव्हीडी लिहिण्याचा एकपट वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ मेगाबाइट. आठपट वेगाला ११ मेगाबाइट लागतात. जुन्या यूएसबी १.१ जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त दीड मेगाबाइट जातात, म्हणजे एकपट वेगही जेमतेमच साधतो, यूएसबी २.० ही त्याच्या चाळीसपट रुंद वाट आहे. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत लेखनयंत्र नसते, ते बाहेरून जोडावे लागते. त्यास एका जोडणीतून वीज कमी पडली तर तबकडी अर्ध्यावर वाया जाते. हेही पाहून घ्यावे.

तबकडीतील जागेची वाटणी

आता म्हणीतले अंथरूण पाहू. ४.७ गिगाबाइट दोन तासांत वाटले, तर सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट येतात. तीन तासांत वाटले तर ३.५ सुद्धा येत नाहीत. असंक्षिप्त ध्वनी एकटाच १.५ मेगाबिट घेतो. तीन तासांच्या नाटकात ही जवळजवळ निम्मी मालमत्ता झाली. डॉल्बी पद्धतीने संक्षिप्त केलेला ध्वनी ०.२ मेगाबिटांतही भागतो. व्हीएचएस फितीत मुळातच बारकावे कमी असल्याने चित्र ३५२ × ५७६ ठिपक्यांचे घेतले तरी चालते. डीव्हीडीच्या नियमांत हा आकार बसतो, आणि ठिपके निम्म्याहून कमी होतात. उत्तम संगणकाने जे साधत नाही, ते अशा विचारपूर्वक वाटणीने साधते.

आपल्यासारख्या द्विभाषिक परिसराला उपयोगी अशी आणखी एक सोय डीव्हीडीत आहे. तीत ३२ प्रकारच्या उपशीर्षकांना जागा असते, आणि ती अक्षरे म्हणून न साठविता चित्रे म्हणून साठविली जातात. त्यामुळे देवनागरी किंवा कन्नड लिपी कोणत्याही यंत्रावर अचूक उमटते. कन्नड नाटकाला मराठी आणि मराठी नाटकाला कन्नड उपशीर्षके देण्यास वेगळे यंत्र लागत नाही. लागतो तो दोन्ही भाषा जाणणारा विद्यार्थी.

शेवटी एक इशारा. १९८६ मध्ये बीबीसीने इंग्लंडमधील प्राचीन डूम्सडे ग्रंथाच्या नवव्या शताब्दीनिमित्त, लोकांकडून माहिती व छायाचित्रे गोळा करून व्हिडिओ तबकड्या काढल्या. पंधरा-सोळा वर्षांतच त्या वाचणारी यंत्रे मिळेनाशी झाली. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांना जुन्या यंत्राची संगणकीय नक्कल करून ती माहिती सोडवावी लागली. १०८६ चा हस्तलिखित ग्रंथ मात्र अजूनही वाचता येतो. म्हणून तबकडी काढावी, पण तिच्यावर विसंबू नये. मूळ चित्रणाची एक प्रत हार्ड डिस्कवर व दुसरी अन्य ठिकाणी ठेवावी, आणि दर काही वर्षांनी ती नव्या साधनावर उतरवावी. संगणक पुढेही मिळतील, आजच्यापेक्षा चांगले मिळतील. फीत वाचणारे यंत्र आणि फीत मात्र आहेत तोवरच आहेत.