परमुलखातले बातमीदार

शेवटच्या विरार लोकलने उतरून घरी पोचेपर्यंत सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाका मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले असतात. आपल्याला वाटतं, रील्स बघतायत. तेही असतंच. पण कधी थांबून विचारा, बऱ्याचदा नेपाळी बातम्या चालू असतात. गावाकडे दरड कोसळली का, रस्ता सुरू झाला का, सरकार टिकलं की पडलं. वसई, नालासोपारा, विरार, नायगाव या पट्ट्यात नेपाळी माणूस आपल्याला रोज भेटतो; गेटवर, चायनीजच्या गाडीवर, हॉटेलच्या किचनमध्ये. पेपरात मात्र तो बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडतो, चोरीच्या बातमीत नाहीतर अपघाताच्या. मग त्याच्या बाकीच्या आयुष्याची बातमी करणार कोण?

हा प्रश्न किती खरा आहे, ते 2025 च्या सप्टेंबरमध्ये दिसलं. 4 सप्टेंबरला नेपाळ सरकारने फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, यूट्यूबसह 26 सोशल मीडिया प्लॅटफॉर्मवर बंदी घातली. 8 तारखेला काठमांडूत तुमच्याच वयाची मुलं, काही तर शाळा-कॉलेजच्या युनिफॉर्ममध्ये, रस्त्यावर उतरली आणि त्या एका दिवसात 19 जणांचा जीव गेला. 9 तारखेला पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी कांतिपूर या नेपाळमधल्या मोठ्या माध्यमसमूहाची इमारत जाळण्यात आली. आता इथे बसलेल्या माणसाचा विचार करा. ज्या अ‍ॅपवरून घरी कॉल लागायचा त्याच्यावरच बंदी, आणि ज्या चॅनलवर भरवसा त्याची इमारत पेटलेली. अशा वेळी हातात येतात फक्त फॉरवर्ड. त्यातलं खरं कुठलं, खोटं कुठलं, हे त्याच्याच भाषेत सांगणारा, पण कामाची शिस्त पाळणारा माणूस लागतो. त्यालाच आपण पत्रकार म्हणतो.

बनारसची गोष्ट

गंमत अशी की नेपाळी पत्रकारिता जन्मलीच मुळी परमुलखात. काठमांडूत नव्हे, आपल्याकडच्या बनारसमध्ये. मोतीराम भट्ट हे कवी 1866 चे. लहानपणापासून बनारसमध्ये वाढलेले. 1886 मध्ये, म्हणजे जेमतेम विशीत, त्यांनी तिथून 'गोर्खा भारत जीवन' हे मासिक काढलं. नेपाळी भाषेतलं पहिलं नियतकालिक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. नेपाळमधलं 'गोरखापत्र' आलं 1901 मध्ये, तेही सरकारी. तेव्हा तिथे राणांची सत्ता होती आणि सत्तेला नको असलेलं छापणं अशक्यच. म्हणून मग बनारसहून 'गोर्खाली' निघालं, 1926 मध्ये देहरादूनहून ठाकूर चंदनसिंह यांचं 'गोर्खा संसार' निघालं. देशात जे बोलता येत नव्हतं, ते स्थलांतरितांनी बाहेरून छापलं.

त्याच बनारसमध्ये आपलाही एक माणूस होता. बाबूराव विष्णू पराडकर. मराठी घरातला, 1883 मध्ये बनारसमध्येच जन्मलेला. पत्रकारितेचे पहिले धडे गिरवले कलकत्त्यात. तिथे मामा सखाराम गणेश देऊस्कर बंगालीत पत्रकारिता करत होते. मामा मराठी, लिहिणार बंगालीत. भाचा मराठी, लिहिणार हिंदीत! पुढे पराडकर 1920 मध्ये सुरू झालेल्या 'आज' या हिंदी दैनिकाचे दीर्घकाळ संपादक राहिले. 1930 मध्ये ब्रिटिशांच्या दडपशाहीत 'रणभेरी' हे भूमिगत पत्र निघालं, त्यातही ते होते. 1925 मध्ये वृंदावनला हिंदी संपादकांचं पहिलं संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष पराडकरच. म्हणजे एका भाषेच्या संपादकांना एकत्र बसवताना अध्यक्षाच्या खुर्चीत बसला तो घरी मराठी बोलणारा माणूस. आजही बनारसच्या पत्रकार संघाचं सभागृह 'पराडकर स्मृती भवन' या नावाने ओळखलं जातं.

नेपाळी पत्रकारांची संघटना काठमांडूत 1956 मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष कृष्णप्रसाद भट्टराई, जे नंतर दोनदा पंतप्रधान झाले. त्यांचाही जन्म बनारसचाच. या संघटनेतून पुढे आकाराला आलेल्या नेपाळ पत्रकार महासंघाच्या शाखा आज नेपाळी माणूस जिथे कामाला गेला, तिथे पोचल्यात. ब्रिटन, अमेरिका, कतार. मजूर गेला की मागोमाग त्याची बातमी जाते आणि बातमी देणाऱ्यांना संघटना लागते.

ओळखपत्राच्या पलीकडे

संघटना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते बाईकवरचं 'प्रेस' लिहिलेलं स्टिकर. कार्ड छापायचं, गळ्यात घालायचं, टोल चुकवायचा. नेपाळमध्ये वेगळंच दुखणं आहे. तिथे पत्रकारांच्या संघटना राजकीय पक्षांप्रमाणे विभागल्या गेल्यात. प्रेस चौतारी एकीकडे, प्रेस युनियन दुसरीकडे. त्यामुळे नुसता संघ काढला म्हणजे काम झालं, असं मुळीच नाही.

चांगला संघ काय करतो? 1994 मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'साउथ एशियन जर्नलिस्ट्स असोसिएशन' सुरू झाली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ अशा देशांतून गेलेल्या पत्रकारांची ती संघटना. त्यांनी एक साधं पण फार उपयोगाचं काम केलं. अमेरिकी न्यूजरूमसाठी स्टाईलबुक बनवलं, म्हणजे आपल्याकडची नावं, शब्द, धर्म, सण यांबद्दल लिहिताना काय बरोबर, काय चूक, याची पुस्तिका.

आता वसई-विरारच्या संदर्भात अशी पुस्तिका काढायची तर पहिल्या पानावर काय असेल?

एक, 'गुरखा' ही जात नाही आणि वॉचमनचा समानार्थी शब्दही नाही. तो शब्द गोरखा या ठिकाणावरून आणि ब्रिटिशांच्या सैन्यभरतीमुळे रुळला. मुंबईकडे येणारे कितीतरी जण नेपाळच्या पार पश्चिमेचे, अछाम, डोटी, बझाङ अशा जिल्ह्यांतले असतात. दोन, 'बहादूर' हे आडनाव नाही. ते बहुतेक वेळा नावाचा मधला भाग असतं, आडनाव त्याच्या पुढे येतं. बातमीत नुसतं 'बहादूर' छापलं तर माणूस ओळखूच येत नाही. तीन, नेपाळी कागदपत्रांवर विक्रम संवत् असतो. तो इसवी सनाच्या सुमारे 57 वर्षं पुढे. जन्मसाल 2058 लिहिलेलं कार्ड बघून बनावट म्हणून हसू नका, तो मुलगा 2001-02 चा आहे. चार, सगळे एकच भाषा बोलत नाहीत. पश्चिमेकडच्यांची घरातली भाषा डोटेली किंवा अछामी असते, काठमांडूच्या नेपाळीपेक्षा वेगळी.

या चारही गोष्टी किरकोळ वाटतात. पण अपघातात सापडलेल्या माणसाचं नाव चुकलं, गाव चुकलं, तर त्याच्या घरी निरोप पोचायला किती उशीर होईल याचा अंदाज करा. एका नीट लिहिलेल्या नावावर घरच्यांची सगळी धावाधाव वाचते.

कायदा काय म्हणतो?

31 जुलै 1950 च्या भारत-नेपाळ करारातल्या सातव्या कलमामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहायला, फिरायला, मालमत्ता घ्यायला, धंदा करायला सारखी मुभा आहे. व्हिसाची भानगड नाही. पण आपल्या राज्यघटनेचं कलम 19, ज्यात बोलण्या-लिहिण्याचं आणि संघटना करण्याचं स्वातंत्र्य येतं, ते फक्त भारताच्या नागरिकांना मूलभूत हक्क म्हणून मिळतं. कायद्यापुढची समानता आणि जीविताचं संरक्षण, म्हणजे कलम 14 आणि 21, मात्र इथे असलेल्या प्रत्येक व्यक्तीला. थोडक्यात, नेपाळचा नागरिक इथे दुकान काढू शकतो, पण त्याने दुकानमालकाविरुद्ध लेख लिहिला तर त्याच्या हातात तुमच्याइतकी ढाल नसते. तो जरा दबूनच लिहिणार.

इथे आणखी एक बारकावा आहे. नेपाळी बोलणारा प्रत्येक जण परदेशी नसतो. 2011 च्या जनगणनेत भारतात नेपाळी मातृभाषा सांगणारे सुमारे 29 लाख लोक होते आणि 1992 पासून ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. दार्जिलिंग, सिक्कीम, देहरादूनकडचे हे आपलेच नागरिक. त्यामुळे नेपाळी बातमीदारांचा संघ उभा करायचा तर दोघांना एका टेबलाशी बसवणं शहाणपणाचं. एकाकडे हक्क आहेत, दुसऱ्याकडे अछामच्या डोंगरातल्या गावाचा फोन नंबर आहे. जोडीला एखादा मराठी पत्रकार, जो पोलीस स्टेशन आणि महापालिकेतली कागदपत्रं वाचू शकतो. भाषेच्या नावाने पत्रकारांचा संघ काढण्यात वावगं काही नाही. आझाद मैदानाजवळचा मुंबई मराठी पत्रकार संघ 1941 पासून आहेच की.

तुमच्यासाठी स्टोरी

वसई-विरारच्या कॉलेजांत मास मीडिया शिकणाऱ्यांनो, फायनल प्रोजेक्टसाठी विषय शोधत दक्षिण मुंबई पालथी घालायची गरज नाही. आपल्या वस्तीत नेपाळी बातम्या कोण बनवतं, कुठून मिळवतं, खात्री कशी करतं, पैसे कोण देतं, एवढे चार प्रश्न घेऊन एक महिना फिरा. 'ए बहादूर' म्हणू नका. 'दाइ' म्हणा, बाई असेल तर 'दिदी'. ज्याच्याशी बोलाल त्याचं पूर्ण नाव, त्याच्याकडूनच देवनागरीत लिहून घ्या. लिपी तर एकच आहे. त्याने नाव छापू नका म्हटलं, तर छापू नका. कारण वर आलंय. आणि स्टोरी झाली की एक प्रत त्याला वाचून दाखवा. त्यात चूक निघाली तर ती तिथल्या तिथे दुरुस्त होईल.

मोतीराम भट्ट यांनी मासिक काढलं तेव्हा ते विशीत होते. पराडकर कलकत्त्याच्या वृत्तपत्रात रुजू झाले तेव्हा 23 वर्षांचे. तुमच्या आसपासच्याच वयाचे.