‘मी तिथं होतो’ : एका मैफिलीचा पुरावा

मागच्या वेळी आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला जे ज्ञान होतं, ते कितपत भरवशाचं, हा प्रश्न. आज तोच धागा पुढे न्यायचाय, पण उदाहरण घटाचं किंवा पटाचं नाही. आज आपण इंग्लंडातल्या एका रॉक बँडबद्दल बोलणार आहोत.

समोरच्या काही ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर शंका दिसते आहे. रास्त आहे. मी स्वतः जन्मभर भीमसेनजी आणि कुमारांच्या टेपा ऐकत आलो. ते दुसरं संगीत मला आजही फारसं कळत नाही. पण त्याच्या चाहत्यांनी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जे शोधकाम केलंय ना, ते प्रमाणशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने बघावं असं आहे. आणि त्यात माझी स्वतःची एक चूक अडकलेली आहे. तिच्याकडे मी शेवटी येतो.

बँडचं नाव लेड झेपलिन. १९६८ साली सुरू झाला. जिमी पेज गिटारवर, रॉबर्ट प्लांट गायक, जॉन पॉल जोन्स बास गिटार आणि कीबोर्डवर, जॉन बॉनम ड्रमवर. २५ सप्टेंबर १९८० ला बॉनम गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाकीच्या तिघांनी बँड बंद केला. म्हणजे कारकीर्द जेमतेम बारा वर्षांची. पण त्या बारा वर्षांत कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, काय वाजवलं, कोणत्या क्रमाने वाजवलं, याच्या याद्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून केल्यात.

साधनं काय? एक म्हणजे टेपा. श्रोत्यांपैकीच कुणीतरी चोरून केलेल्या. लॉस एंजेलिसकडे माइक मिलार्ड नावाचा एक गृहस्थ होता. तो चाकाच्या खुर्चीत बसून मैफिलीला जायचा. पाय धडधाकट होते! खुर्चीत नाकामिचीचं जड रेकॉर्डिंग यंत्र लपवलेलं असायचं. जून १९७७ च्या मैफिलींची त्याची टेप आजही लोक जिवापाड जपतात. चोरी म्हणायचं की सेवा, ते तुम्ही ठरवा. आपल्याकडेही घरगुती बैठकीत बुवांच्या नकळत लोडामागे टेपरेकॉर्डर ठेवणारे होतेच. इथं बसलेल्यांपैकी कुणाला ओशाळं वाटत असेल तर मी नाव घेत नाही.

आता टेप मिळाली, पण ती खऱ्या वेगाने चालतेय का? जुनी यंत्रं हळू-जलद फिरतात, त्यात कॉपीची कॉपी झालेली. आपल्याला हे लगेच कळतं. एखादा गवई काळी एकमध्ये गातो हे ठाऊक आहे आणि टेपवर तो काळी दोनला पोचलाय, तर टेप जलद धावते आहे. हे लोकही गिटारच्या सुरावरून तेच करतात. शिवाय टेपवर विजेची बारीक घरघर उतरलेली असेल तर तीही कामी येते. आपल्याकडे आणि इंग्लंडात वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, अमेरिकेत साठ. अमेरिकेतल्या टेपवरची घरघर साठाला यायला हवी. त्रेसष्टला आली तर वेग कमी करायचा. धूर दिसला म्हणून अग्नी आहे, हे आपण हजारो वर्षं घोकतोय. हा धूर इथे कानाला येतो, एवढाच फरक.

दुसरं साधन चित्रफिती. कुणी चाहता सुपर आठचा छोटा कॅमेरा घेऊन गेलेला. त्याचं रीळ पन्नास फुटांचं; सेकंदाला अठरा चौकटी धरल्या तर तीन मिनिटं वीस सेकंदांत संपतं. त्या काळी त्यात बहुधा आवाज नसायचा. मग तो माणूस काय करतो? थोडं याचं, थोडं त्याचं, असं तुकड्यातुकड्याने चित्रण. पुढे तीस-चाळीस वर्षांनी कुणीतरी ते मुके तुकडे आणि त्याच रात्रीची टेप घेऊन बसतो. ड्रमरचा हात कधी पडला, डावी बोटं तारेवर कुठे आहेत, गायकाचे ओठ कोणत्या शब्दावर मिटले, हे बघत बघत एकेक तुकडा आवाजाखाली बसवतो. दहा सेकंदांसाठी दहा रात्री.

इथे एक गंमत सांगतो, कारण ती तत्त्वज्ञानाची आहे. २००३ साली या बँडने स्वतः दोन तबकड्यांचा एक संच काढला. त्यात एका गाण्याचं चित्र फेब्रुवारी १९७२ च्या सिडनीच्या मैफिलीचं आहे आणि आवाज त्याच वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचला झालेल्या मैफिलीचा. चित्र खरं, आवाज खरा, पण दोन्ही मिळून जे दिसतं ते कधीच घडलेलं नाही. प्रत्यक्षाला प्रत्यक्ष जोडून भ्रम तयार करता येतो, हे सांगायला यापुढे मला शिंपल्यातली चांदी लागणार नाही.

आता मुंबईकडे येऊ. १९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. त्यांनी इथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. वादकांचं संयोजन केलं विजय राघव राव यांनी, ते रविशंकरांचे शिष्य, उत्तम बासरीवादक, फिल्म्स डिव्हिजनच्या कितीतरी लघुपटांचे संगीतकार. त्या दोन गाण्यांपैकी ‘फोर स्टिक्स’ची चाल विचित्र आहे, पाच आणि सहा मात्रांचे तुकडे आलटून पालटून. मूळ गाण्यात बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन ड्रम वाजवला, म्हणून ते नाव. पाचाचं आपल्याला नवल नाही, झपताल दोन-तीन, दोन-तीन असाच चालतो; पण दर पाचानंतर सहा आले की हात अडखळणारच. हे ध्वनिमुद्रण कित्येक वर्षं चोरट्या तबकड्यांवर फिरत होतं. अधिकृतपणे निघालं ते थेट २०१५ साली.

त्याच मुक्कामात एका रात्री ते दोघं कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या डिस्कोथेकमध्ये गेले आणि तिथल्या मुलांबरोबर वाजवून आले. जोन्स नव्हता, बॉनम नव्हता. ड्रम आणि बास इथल्याच पोरांकडे. ज्या बँडसाठी अमेरिकेत मैदानं भरायची, त्याचे दोघं मुंबईत एका छोट्या खोलीत मूठभर लोकांपुढे!

आता तारीख कोणती? चोरट्या तबकड्यांवर बरेचदा मार्च १९७२ छापलेलं असायचं. काही जण म्हणायचे ऑक्टोबर. आणि बघा, अनुमान दोन्हीकडे लागतं. फेब्रुवारीच्या अखेरीस ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा दौरा संपलेला. परतीच्या वाटेवर मुंबई. ऑक्टोबरच्या पहिल्या दहा दिवसांत जपानचा दौरा झाला. परतीच्या वाटेवर पुन्हा मुंबई. हेतू दोन्ही पक्षांना सारखाच लागू. अशा हेतूला न्यायशास्त्र काय म्हणतं ते मागच्या वर्षी सांगितलंय, विसरला असाल तर घरी जाऊन बघा. शेवटी २०१५ च्या अधिकृत आवृत्तीत ध्वनिमुद्रण ऑक्टोबर १९७२ चं दिलं, तेव्हा पारडं तिकडे झुकलं.

पण ‘टेप नाही, म्हणून मैफील झालीच नाही’ असं म्हणता येईल का? अमेरिकेत मेरीलँडमध्ये व्हीटन नावाच्या गावी एक युवक केंद्र होतं. २० जानेवारी १९६९ च्या रात्री, म्हणजे निक्सनचा शपथविधी झाला त्या रात्री, लेड झेपलिन तिथे वाजवून गेला असं काही लोक सांगतात. जेफ क्रुलिक नावाच्या दिग्दर्शकाने यावर अख्खा माहितीपट केला. तिकीट नाही, फोटो नाही, जाहिरात नाही. माणसं मात्र ठामपणे सांगतायत, आम्ही होतो.

भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण त्यांनी एक अट घातली आहे, आणि ती फार शहाणपणाची आहे. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. अंधारात घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. १९६९ सालच्या एका आडगावच्या युवक केंद्रात फोटो निघालाच असता का? १९७२ च्या कुलाब्यात, ठरवून न झालेल्या कार्यक्रमात, कुणाच्या हातात टेपरेकॉर्डर असलाच असता का? तिथे अंधारच आहे.

आता माझी चूक.

१९७२ चा दुष्काळ इथल्या बऱ्याच जणांनी भोगलाय. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. पाऊस गेला, पीक गेलं, लोक खडी फोडायला कामांवर जाऊ लागले. सुकडी, लाल मिलो, सगळं तुम्हाला आठवत असेल. माझा एक आतेभाऊ, वयाने माझ्याहून थोडा मोठा, त्या वर्षी गाव सोडून मुंबईला गेला. शाळा चौथीपर्यंत. कुलाब्यातल्या एका हॉटेलात भांडी घासायला लागला आणि संध्याकाळी आजूबाजूच्या ठिकाणी बर्फ पोचवायचा. दोन-तीन वर्षांनी परत आला, शेती केली, संसार केला.

नव्वदच्या सुमाराला माझा एक विद्यार्थी घरी आला होता, त्याच्या हातात या बँडची कॅसेट. वेष्टनावर चौघांचे फोटो. आतेभावाने ती उचलली, बराच वेळ बघितली आणि दोघांवर बोट ठेवलं. म्हणाला, “ह्या दोघांना म्या बघितलंय. मुंबईला. वाजवू लागले होते.” विद्यार्थी हसला. मीही हसलो. विद्यार्थी म्हणाला, “काका, हे चौघं असतात. यांचा ड्रमवाला तर जगात एक नंबर. दोघं कसे येतील?” आतेभाऊ म्हणाला, “चौघं नव्हते. दोघंच. ढोल आपल्याकडचाच पोरगा बडवत होता. दसरा नुकता झाला होता. मला सुट्टी भेटली नव्हती, म्हणून ध्यानात हाये.”

आणि मी, प्रमाणशास्त्राचा प्राध्यापक, त्याला समजावून सांगू लागलो की स्मृतीला नैयायिक प्रमा मानत नाहीत, म्हणून. त्याने ऐकून घेतलं. एवढंच म्हणाला, “तू पुस्तकातलं सांगतोस. म्या बर्फ घेऊन उभा होतो तिथं.” पुन्हा त्याने तो विषय माझ्यासमोर कधी काढला नाही. बारा वर्षांपूर्वी तो गेला.

चाहत्यांचं हे सगळं काम माझ्या वाचनात आलं ते त्यानंतर. आणि तेव्हा लक्षात आलं, की ज्या तपशिलावरून आम्ही त्याला खोटं पाडलं होतं, तोच तपशील बरोबर होता. ऐकीव गोष्ट रचणाऱ्याने चौघं सांगितले असते, कारण वेष्टनावर चौघं होते. दसराही पाहिला मी; त्या वर्षीचा दसरा १७ ऑक्टोबरचा. मार्चमध्ये त्याला होळी आठवली असती.

वात्स्यायनाने आप्त कोण हे सांगताना म्हटलंय, ज्याने वस्तू साक्षात जाणली आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. आणि पुढे तो स्पष्ट करतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू. हे वाक्य मी तीसेक वर्षं वर्गात शिकवलं. बर्फ पोचवणाऱ्याला ते लागू होतं की नाही, हा प्रश्न मला एकाही परीक्षेत विचारायला सुचला नाही.

हे सिद्ध झालं का? नाही. फोटोवरून ओळखणं, ज्याला आपण प्रत्यभिज्ञा म्हणतो, ती अठरा-वीस वर्षांनंतर फसू शकते. लांब केसांचे गोरे तरुण त्या काळी कुलाब्यात पुष्कळ फिरत असत. पण दोघंच, देशी ढोलवाला, दसरा, ही तिन्ही एका जागी पडली, हे मला बाजूला सारता येत नाही.

म्हणून एक विनंती. कुणाच्या घरी, मुंबईत राहून आलेल्या काका-मामाच्या ट्रंकेत, त्या काळची टेप किंवा रीळ असेल तर टाकू नका. रिळाला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ते खराब होऊ लागलंय. ताणून उलगडू नका, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. टेप चिकट झाली असेल तर यंत्रावर मुळीच चढवू नका. आणि डबीवरचं हस्ताक्षर, मग ते ‘ताईचं लग्न’ असलं तरी, पुसू नका. तारखा बरेचदा त्यावरूनच लागतात.

मागच्या महिन्यात मी गावी जाऊन आतेभावाच्या मुलाला हे सगळं सांगितलं. तो ओट्यावर बसून सरकी निवडत होता. म्हणाला, “म्हणजे दादा म्हणायचे ते खरं होतं?” मी म्हणालो, “खरं असण्याचीच शक्यता जास्त आहे.” त्याला हे उत्तर आवडलं नाही. म्हणाला, “सर, हो म्हणा की.”