दुरुस्त केलेल्या हृदयाचे पुढे काय होते?

(द्वितीय वर्ष, कला)

साहित्यात हृदयाला जितकी जागा मिळाली आहे तितकी शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवाला मिळालेली नाही. आम्हा मराठीच्या विद्यार्थ्यांना तर ते रोज भेटते. ते भरून येते, पिळवटते, विदीर्ण होते, प्रसंगी पाषाणाचेही होते. प्रस्तुत लेखात ज्या हृदयाचा विचार करावयाचा आहे ते मात्र मुठीएवढे, स्नायूंचे, चार कप्प्यांचे आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने हा विषय कशाला घ्यावा, असे काही प्राध्यापकांच्या मनात येईल. त्याचे कारण एवढेच की माझे हृदय मी आठ वर्षांची असताना, २०१४ साली, उघडून दुरुस्त केलेले आहे. असे हृदय माणसाबरोबर मोठे होते तेव्हा त्याचे काय होते, हे मला समजून घेणे भाग पडले. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेले नाही. त्यामुळे दवाखान्याचे कागद वाचण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

जन्मतः हृदयात काही ना काही दोष असलेली मुले हजारी आठ-नऊ तरी जन्मतात. त्यांतले पुष्कळसे दोष किरकोळ असतात; एखादे बारीक छिद्र आपोआप बुजूनही जाते. माझा दोष त्यांतला नव्हता. फ्रान्समधील मार्से येथील वैद्य आर्थर फालो यांनी १८८८ साली ज्याचे सविस्तर वर्णन केले तो हा ‘निळा रोग’. यात चार गोष्टी एकत्र येतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांना जवनिका म्हणतात. त्यांच्यामधल्या पडद्याला मोठे भोक असते. उजव्या जवनिकेतून फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. शरीराला रक्त पुरविणारी महारोहिणी नेमकी त्या भोकावर स्वार झालेली असते. आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून उजव्या जवनिकेची भिंत पैलवानाच्या दंडासारखी जाड होते. परिणाम असा, की जे अशुद्ध रक्त फुप्फुसात जाऊन शुद्ध व्हावयाचे, त्यातले बरेचसे भोकातून थेट महारोहिणीत शिरते. ओठ आणि नखे निळी पडतात ती यामुळे.

अशी मुले चार पावले धावली की उकिडवी बसतात. त्यांना हे कोणी शिकविलेले नसते. माझी आजी म्हणायची, “पोरगी कामचुकार हाय, दोन पावलं चालली की बसकण मारती.” त्या बसण्यामागे मोठे शास्त्र आहे. उकिडवे बसल्याने मांड्यांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो, आणि तुलनेने फुप्फुसाची वाट रक्ताला सोपी वाटू लागते. जास्त रक्त शुद्ध होते, मुलाला हुशारी वाटते. लहान मूल आपला उपचार आपणच शोधून काढते, हे मला फार विलक्षण वाटते.

या रोगावरील पहिली शस्त्रक्रिया २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाली. कल्पना हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ बाईंची. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून मुलांच्या छातीवर बोटे ठेवून त्या हृदयाची स्पंदने ‘ऐकत’. सुरी आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या हातात होती. परंतु ब्लेलॉक यांच्या मागे एका स्टुलावर उभे राहून टाका कसा घालावा हे सांगणारा एक कृष्णवर्णीय तरुण होता. त्याचे नाव व्हिव्हियन थॉमस. सुतारकाम करून कॉलेजसाठी साठविलेले पैसे मंदीत बँक बुडाल्याने गेले. १९३० साली तो ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला आणि कॉलेज कायमचे राहिले. पगारपत्रकावर त्याची गणना प्रारंभी झाडूवाल्यांच्या वर्गात होती. कुत्र्यांवर प्रयोग करून ही शस्त्रक्रिया त्याने आधी बसवून दाखविली, मग ती पंधरा महिन्यांच्या मुलीवर झाली. पुढे मोठमोठे शल्यविशारद त्याच्या हाताखाली शिकले. १९७६ साली त्याच विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. शस्त्रक्रियेच्या नावात मात्र ब्लेलॉक आणि टॉसिग हीच दोन नावे कितीतरी वर्षे होती. थॉमसचे नाव अलीकडे जोडले जाऊ लागले आहे. कॉलेजात पाय ठेवणारी घरातली पहिली मुलगी म्हणून मला या माणसाविषयी दोन ओळी जास्त लिहाव्याशा वाटल्या, वाचक क्षमा करतील.

ती शस्त्रक्रिया म्हणजे दुरुस्ती नव्हे, तर हाताची रक्तवाहिनी फुप्फुसाच्या धमनीला जोडून काढलेली पर्यायी वाट होती. हृदय उघडून आतला दोष दूर करण्याचे काम मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ सालच्या ऑगस्टमध्ये केले. हृदय थांबवून ठेवायचे तर रक्त फिरवणार कोण? लिलेहाय यांनी रुग्णाच्या शेजारी दुसरे माणूस झोपविले, बहुधा आई किंवा बाप, आणि त्याच्या हृदयावर दोघांचे रक्ताभिसरण चालविले. वर्ष-सव्वा वर्षात अशा पंचेचाळीस शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतले अठ्ठावीस रुग्ण घरी गेले. रक्त देणारे सगळे जगले. पुढे हे काम यंत्र करू लागले.

आता मुख्य मुद्दा. दुरुस्ती करताना पडद्याच्या भोकाला ठिगळ लावतात आणि फुप्फुसाकडची अरुंद वाट कापून रुंद करतात. पुष्कळदा ती वाट झडपेपाशीच चिंचोळी असते. मग झडपेच्या कड्यातून चीर देऊन तेथेही ठिगळ लावावे लागते. वाट मोकळी होते, मूल गुलाबी होते, परंतु झडप नीट मिटेनाशी होते. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह (आमच्याकडे सरसकट ‘फुटबॉल’ म्हणतात) गळका झाला की काय होते ते शेतकऱ्याच्या मुलांना सांगावयास नको. मोटार बंद झाली की पाइपातले पाणी पुन्हा विहिरीत उतरते. हृदयाची मोटार तर मिनिटाला सत्तर वेळा बंद-चालू होते. प्रत्येक ठोक्याला पुढे ढकललेल्या रक्तातले काही मागे येते, उजवी जवनिका तेच रक्त पुन्हा ढकलते, आणि हा जादा बोजा पेलण्यासाठी हळूहळू फुगत जाते.

फुगणे हा आधी तिचा शहाणपणा असतो. दहा, वीस, कधी तीस वर्षेही ती तक्रार करीत नाही. पुढे स्नायू सैल पडतो, आकुंचन कमी होते. दोन्ही जवनिकांमध्ये भिंत एकच, त्यामुळे उजवी बिघडली की डावीलाही त्रास होतो. शिवाय जेथे चीर दिली होती तेथे वण असतो. त्या वणाभोवती विजेचा प्रवाह वाकडा फिरू लागला की ठोके एकाएकी बेफाम होतात. क्वचित प्रसंगी त्यात मृत्यूही येतो. १९९५ साली लंडनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की कार्डिओग्राममधील क्यूआरएस नावाची लहर १८० मिलिसेकंदांहून रुंद झालेल्या रुग्णांना हा धोका विशेष असतो. जवनिका जितकी ताणलेली तितकी लहर रुंद, असा त्याचा अर्थ.

यात घाबरविण्याचा हेतू नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९५५ ते १९६० या काळात, म्हणजे अगदी आरंभीच्या दिवसांत, शस्त्रक्रिया होऊन पहिला महिना पार केलेल्या १६३ रुग्णांचा हिशेब १९९३ साली प्रसिद्ध झाला. बत्तीस वर्षांनंतर त्यांतले ८६ टक्के हयात होते. त्याच वयाच्या सामान्य लोकांत हे प्रमाण ९६ टक्के अपेक्षित होते. ज्या रोगात बहुतेक मुले विशीही गाठत नसत, त्याच्या बाबतीत ८६ हा आकडा मोठाच आहे. मात्र मधले दहा टक्केही खरे आहेत.

आपल्या भाषेत ‘बरे होणे’ आणि ‘दुरुस्त होणे’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ताप बरा होतो, सायकल दुरुस्त होते. आणि दुरुस्त झालेल्या सायकलीकडे पुन्हा पाहावे लागते हे सर्वांना ठाऊक असते. मला घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी “आता मुलगी बरी झाली” असे सांगितले. आईने नवस फेडला, आणि चौदाव्या वर्षानंतर मला कोणी तपासणीला नेले नाही. यात आई-वडिलांचा काय दोष? माझा आजार शाळेतल्या तपासणीत सापडला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला झाला. त्यानंतरच्याच वर्षी आमच्या शाळेत गाडी आली. त्या कार्यक्रमाचे उपकार मी विसरणार नाही. पण तो अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांसाठी आहे. गेल्या वर्षी मला जिने चढताना दम लागू लागला तेव्हा एका रुग्णालयातल्या बालविभागाने “वय जास्त आहे” म्हणून परत पाठविले, आणि मोठ्यांच्या विभागात पहिला प्रश्न विचारण्यात आला, “अॅटॅक कधी आला होता?” लंडनमध्ये जेन सोमरव्हिल या बाईंनी जन्मजात हृदयदोष घेऊन मोठ्या झालेल्यांसाठी स्वतंत्र वॉर्ड १९७५ सालीच काढला होता. आपल्याकडेही मोठ्या शहरांत असे डॉक्टर आहेत, पण तालुक्याच्या गावातून तेथपर्यंतची वाट कोणी दाखवीत नाही.

दम लागणे ही खूण तशी फसवी आहे. ज्याने निरोगी दम कधी अनुभवलाच नाही तो आपल्या कमी ताकदीलाच पूर्ण ताकद समजतो. म्हणून सोनोग्राफी, पट्ट्यावर चालण्याची परीक्षा आणि एमआरआय करतात. एमआरआयमध्ये उजवी जवनिका भरलेली असताना तिच्यात किती रक्त मावते ते शरीराच्या आकारमानाच्या हिशेबाने मोजतात. हे माप दर चौरस मीटरला १५० ते १६० मिलिलिटरच्या घरात गेले की नवी झडप बसविण्याचा विचार सुरू होतो. खरी पंचाईत येथे आहे. नवी झडप जनावराच्या ऊतीची असते, ती दहा-पंधरा वर्षांनी झिजते. लवकर बसविली तर आयुष्यात अधिक वेळा बदलावी लागणार. उशीर केला तर फुगलेली जवनिका पूर्ववत होत नाही. २००० सालापासून एक सोय झाली आहे. फिलिप बॉनहोफर यांनी पॅरिसमध्ये मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन, छाती न उघडता झडप बसवून दाखविली. ती झडप बैलाच्या मानेतील शिरेची होती. सर्वांनाच ती चालत नाही, वाट फार रुंद झालेली असेल तर टिकत नाही.

शेजारच्या काकू आईला सांगतात, स्थळ आले तर छातीवरचा वण दाखवू नका. माझे मत उलट आहे. वणाबरोबर फाइलही दाखवावी, कारण बाळंतपणाचा प्रश्न त्या फाइलीवर अवलंबून आहे. चांगली दुरुस्ती झालेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होऊ शकते, मात्र गर्भधारणेच्या आधी जवनिकेची तपासणी व्हावयास हवी, आणि बाळाच्या हृदयाचीही पोटात असतानाच. लपविलेल्या वणाने ही तपासणी कशी होणार?

माझे माप १३८ आले, आणि उजवी जवनिका दर ठोक्याला आपल्यातले ४८ टक्के रक्त बाहेर टाकते. क्यूआरएस १४६. “अजून थांबू,” डॉक्टर म्हणाले, “वर्षाने पुन्हा मोजू.” वडिलांनी हे तीन आकडे मोटारीच्या खोलीतल्या भिंतीवर, वीजबिलाच्या आकड्यांशेजारी, खडूने लिहून ठेवले आहेत. पुढची तारीख मार्चमधली आहे, परीक्षेच्या आधीची.