घरी व्यायामाचे साधन घेताना

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एका खेड्यात एका कुटुंबाच्या भेटीस जाण्याचा योग आला. दिवसभर पाऊस कोसळत होता. आतल्या खोलीत, भाताच्या कणगीशेजारी, एका उंच लोखंडी सांगाड्यावर साड्या, मुलांचे गणवेश आणि एक गोधडी वाळत घातलेली दिसली. थोड्या वेळाने ध्यानात आले की, तो सांगाडा म्हणजे ट्रेडमिल, जागच्या जागी चालण्याचे यंत्र होय.

घरच्या आईला मधुमेह आहे. वजन वाढलेले, गुडघे दुखणारे. आखातात नोकरीस असलेल्या मुलाने दोन वर्षांच्या हप्त्यांवर ते यंत्र घेऊन घरी पाठविले होते. पहिले पंधरा दिवस माउली नेमाने त्यावर चालली. मग एके दिवशी यंत्र चालू असता धाकट्या नातवाने मागून हात घातला. त्याची दोन बोटे पट्ट्याखाली सापडली व टाके घालावे लागले. त्या दिवशी यंत्र बंद झाले ते कायमचेच. दर रविवारी मुलाचा फोन येई, "आई, चालतेस ना?" आणि आई उत्तर देई, "हो रे बाळा, रोज चालते."

"फादर, लेकरानं हप्ते भरून धाडलंय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्याला कसं सांगू?"

मुलाचे प्रेम खरे होते, आईची भीतीही खरी होती. चुकले ते इतकेच की, यंत्राची निवड करताना किंमत पाहिली, जाहिरात पाहिली, पण ज्या व्यक्तीने ते वापरावयाचे तिला कोणी काही विचारले नाही. अशी यंत्रे आज अनेक घरांत कपडे वाळत घालण्याच्या कामी येत आहेत. म्हणून ह्या विषयाचा थोडा सविस्तर विचार करणे अगत्याचे वाटते.

गरज कशाची?

आपल्या आजीने व्यायामाचे साधन कधी विकत घेतले नाही. पहाटेचे जाते, उखळ-मुसळ, विहिरीचा रहाट, पाटा-वरवंटा आणि शेताची वाट हीच तिची व्यायामशाळा होती. आज पीठ गिरणीतून येते, पाणी नळाने येते आणि बाजारास मोटारसायकलवरून जाणे होते. ह्या सोयी चांगल्याच आहेत, परंतु जेवण मात्र जुन्या कष्टांच्या मानाचेच राहिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांस मधुमेह आहे. शहरांत त्याचे प्रमाण अधिक असले, तरी खेडी आता त्यापासून मुक्त राहिलेली नाहीत.

आपले वजन जास्त आहे की नाही हे कसे ओळखावे? आपणा भारतीयांच्या बाबतीत पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरांहून (सुमारे साडेपस्तीस इंच) व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांहून (सुमारे साडेएकतीस इंच) अधिक असल्यास ती धोक्याची सूचना समजावी. ह्यासाठी शिंप्याची टेप पुरते, कोणतेही यंत्र लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे: प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. ६५ वर्षांवरील मंडळींनी तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करावेत. मध्यम श्रम कोणते, ते ओळखण्याची खूण सोपी आहे. व्यायाम करताना बोलता यावे, पण गाता येऊ नये.

वजनाचा हिशोब

साधनांच्या जाहिराती सर्वांत अधिक फसवितात त्या वजनाच्या बाबतीत. म्हणून येथे साधा हिशोब मांडतो. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी उष्णता साठविलेली असते. ७० किलो वजनाच्या माणसाने ताशी पाच किलोमीटर वेगाने अर्धा तास चालल्यास सुमारे १२० कॅलरी खर्च होतात. म्हणजे रोज नेमाने अर्धा तास चालले, तर एक किलो चरबी जाळावयास सुमारे दोन महिने लागतील. आणि तेही ताटात काही भर पडली नाही तर! व्यायामानंतर 'आज मेहनत झाली' म्हणून एक सामोसा खाल्ला, तर त्या दिवसाची कमाई गेलीच, वर थोडे कर्जही झाले.

मग व्यायाम व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. वजन उतरते ते मुख्यत्वे ताटातील भात, साखर, तेल व मद्य कमी केल्याने. परंतु केवळ खाणे कमी करून वजन उतरविले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. व्यायाम हे स्नायू राखतो, आणि उतरलेले वजन पुन्हा वाढू नये ह्यासाठीही त्याचा मोठा उपयोग होतो. काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो. म्हणून वजनाचा काटा हलला नाही तरी मधुमेही माणसाला व्यायामाचा लाभ होतच असतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्यानेदेखील साखरेची चढ कमी होते. तेव्हा साधन घ्यावयाचे ते ह्या समजुतीने घ्यावे. एका महिन्यात दहा किलो उतरविण्याच्या आशेने घेतलेले साधन दुसऱ्या महिन्यात कोपऱ्यात जाते.

मोठी यंत्रे

ट्रेडमिलचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १८१८ साली इंग्लंडात विल्यम क्युबिट नावाच्या अभियंत्याने तुरुंगातील कैद्यांसाठी पायांनी फिरवावयाची चक्की तयार केली. कैद्यांनी तासन् तास तिच्या पायऱ्या चढत राहावयाचे, अशी ती शिक्षा होती. पुढे १९६३ साली अमेरिकेतील डॉक्टर रॉबर्ट ब्रूस ह्यांनी चालत्या पट्ट्यावर हृदयाची तपासणी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९६८ साली डॉक्टर केनेथ कूपर ह्यांच्या पुस्तकाने धावण्या-चालण्याचे महत्त्व सर्वसामान्यांस पटविले आणि त्यानंतर हे यंत्र घरोघर शिरले. एके काळची शिक्षा आज आपण हप्त्यांनी विकत घेतो!

तथापि पावसाळ्यात, किंवा जेथे रस्त्यावर वाहनांची व कुत्र्यांची भीती असते तेथे, ट्रेडमिल उपयोगी पडते ह्यात शंका नाही. घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. मोटारीची अश्वशक्ती दोन प्रकारे सांगितली जाते: एक सतत चालण्याची व दुसरी क्षणभराची कमाल. विक्रेता बहुधा दुसरी सांगतो, आपण पहिली विचारावी. यंत्राची वजन पेलण्याची मर्यादा आपल्या वजनापेक्षा निदान १५-२० किलोंनी अधिक असावी. नुसते चालावयाचे असल्यास सुमारे १२० सेंटिमीटर लांबीचा पट्टा पुरतो, धावणाऱ्यास अधिक लांब लागतो. यंत्रामागे दोन मीटर जागा मोकळी हवी. भिंतीला चिकटवून ठेवलेल्या यंत्रावरून तोल गेलेला माणूस पट्टा व भिंत ह्यांच्या मध्ये सापडतो. वीज वारंवार कमी-जास्त होत असेल, तर स्टॅबिलायझर व योग्य अर्थिंग ह्यांचा खर्चही किमतीत धरावा. पट्ट्याखाली वेळोवेळी तेल घालावे लागते आणि दुरुस्तीस माणूस खेड्यात येईल काय, हेही आधीच विचारून घ्यावे.

लहान मुलांच्या घरी तर विशेष सावधगिरी हवी. २०२१ साली अमेरिकेत एका कंपनीला सुमारे सव्वा लाख ट्रेडमिल परत घ्याव्या लागल्या. अनेक मुले त्यांच्याखाली ओढली गेली होती आणि एक सहा वर्षांचे बालक दगावले होते. यंत्राबरोबर दोरीला बांधलेली एक छोटी चावी येते. चालताना तिचा चिमटा अंगावरील कपड्यास लावावा, म्हणजे पाय घसरताच यंत्र थांबते. चालणे संपताच ती चावी काढून उंच फळीवर ठेवावी.

ज्यांचे गुडघे दुखतात अथवा वजन बरेच आहे, त्यांस माझ्या मते जागेवरची सायकल अधिक मानवते. तिच्यावर शरीराचा भार बैठकीवर येतो आणि पावलागणिक बसणारा हादरा टळतो. चुंबकाने चाक रोखणारी सायकल आवाज कमी करते व कमी झिजते. नमद्याच्या तुकड्याने चाक दाबणारी स्वस्त असते, पण तो तुकडा झिजला की बदलावा लागतो. साधी सायकल विजेवाचूनही चालते, हा आपल्या भागात लहान गुण नव्हे. पायंडा अगदी खाली गेला असता गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी बैठक उंच ठेवावी. बैठक फार खाली असली की गुडघेदुखी बळावते. ज्यांना वाकण्याचा त्रास आहे त्यांनी पाठीला टेकू असलेली सायकल पाहावी. हिचे चाकही फिरत असताना मुलांची बोटे दूर ठेवलीच पाहिजेत.

वल्हे मारण्याचे यंत्र पाय, पाठ व हात ह्या सर्वांस व्यायाम देते. मात्र त्यास जागा बरीच लागते आणि ओढण्याची रीत चुकल्यास कंबर धरते. शिकविणारा कोणी नसल्यास त्याच्या वाटेस न गेलेले बरे.

लहान साधने

स्नायूंच्या बळासाठी मोठा खर्च करण्याची आवश्यकता नाही. रबरी ताणपट्टे काही शे रुपयांत मिळतात व खुंटीवर टांगता येतात. ऊन लागल्यास रबर तडकते, म्हणून ते सावलीत ठेवावेत आणि वापरण्यापूर्वी रोज तपासावेत. दोन, तीन व पाच किलोंच्या डंबेल्सच्या जोड्या बहुतेक घरांस पुरतात. तेही नको असेल, तर एक लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे एक किलो वजन झाले, आणि मजबूत पिशवीत वाळू भरली की पाच किलो झाले. दोरीवरच्या उड्या तरुणांस उत्तम, पण गुडघे दुखणाऱ्यांनी त्या टाळाव्यात. दोरीच्या मधोमध उभे राहिले असता तिच्या मुठी काखेपर्यंत याव्यात, म्हणजे लांबी बरोबर समजावी.

आपल्याच देशातील मुद्गलाचा आपणांस विसर पडला आहे. बडोद्याचे जुम्मादादा व्यायाममंदिर व तेथील प्रोफेसर माणिकराव ह्यांची कीर्ती मराठी व्यायामप्रेमींस ठाऊक आहे. मुद्गल फिरविण्याची कला इंग्रजांनी येथून उचलली आणि ती युरोप-अमेरिकेत इतकी पसरली की, १९०४ व १९३२ सालच्या ऑलिंपिक सामन्यांत तिची स्पर्धा झाली. गावातील सुतार लाकडाचा हलका मुद्गल घडवून देऊ शकतो. मात्र नवशिक्याने जाणत्या माणसाकडून तो फिरविण्यास शिकावे.

काय घेऊ नये

घाम आणणारे पोटपट्टे, पोटास थरथरविणारे पट्टे आणि विजेचे सौम्य झटके देऊन बसल्या जागी पोट उतरविण्याचे वचन देणारी साधने ह्यांवर एक पैसाही खर्चू नये. घामाने जाते ते पाणी, आणि दोन पेले पाणी पिताच ते वजन परत येते. पोटाची हालचाल केल्याने केवळ पोटाचीच चरबी जळते, असेही घडत नाही. चरबी सर्वांगाची हळूहळू कमी होते. २००२ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा विजेच्या पोटपट्ट्यांच्या जाहिरातदारांविरुद्ध खटले भरले होते.

घेण्यापूर्वी

माझी सूचना अशी आहे. साधन घेण्याचा विचार मनात आला की तीन महिने थांबावे. त्या तीन महिन्यांत रोज ठराविक वेळी अर्धा तास चालावे आणि आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठावे-बसावे. दिनदर्शिकेवर रोज खूण करावी. तीन महिन्यांत बहुतेक दिवस खुणा पडल्या असतील, तर साधन अवश्य घ्यावे, कारण सवय आता तुमच्यापाशी आहे. खुणा पडल्या नसतील, तर पैसे वाचले असे समजावे. यंत्र आणल्याने सवय लागेल, ही आशा बहुधा फोल ठरते.

घेण्याचे ठरल्यावर दुकानात त्या व्यक्तीस स्वतः न्यावे आणि दहा मिनिटे यंत्र वापरून पाहावयास सांगावे. शक्य असल्यास जुने साधन घ्यावे. न वापरलेली यंत्रे अर्ध्या किमतीत सहज मिळतात. कर्ज काढून तर घेऊच नये. घरी आणल्यावर ते अंधाऱ्या खोलीत न ठेवता जेथे माणसांची ये-जा आहे तेथे ठेवावे.

ज्यांना छातीत दुखते, चालताना धाप लागते अथवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. इन्सुलिन अथवा साखर उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी व्यायामाच्या वेळी जवळ थोडी साखर ठेवावी, आणि मधुमेह्यांनी अनवाणी व्यायाम कधीही करू नये.

त्या माउलीची गोष्ट अपुरी राहिली. पुढच्याच रविवारी तिने मुलाला फोनवर सर्व काही सांगितले. क्षणभर तो गप्प राहिला, मग म्हणाला, "आई, मीच आधी विचारायला हवं होतं." ट्रेडमिल बेळगावच्या एका गृहस्थाने निम्म्या किमतीत नेली. त्या पैशांतील काही भाग खर्चून जुनी सायकल आली आणि ती पडवीत, रस्त्याकडे तोंड करून ठेवली गेली. संध्याकाळी जाणारे-येणारे दोन शब्द बोलतात व वीस मिनिटे केव्हा सरतात ते कळत नाही. रात्रीचा भात निम्मा झाला आहे. औषध चालूच आहे. वजन अजून फारसे उतरलेले नाही, पण डॉक्टरांच्या मागील तपासणीत साखर खाली आलेली होती. रविवारी मुलाचा फोन येतो तेव्हा ती आता खरे तेच सांगते: "आज केली रे बाळा. काल मात्र कंटाळा केला."